जावईबापूंचा आकाशपाळणा

“अरे, हे अजून चालू आहे?” गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत इंद्रजित सहज म्हणाला आणि गाडी चालवणाऱ्या त्याच्या सासऱ्यांनी, विलासरावांनी, वेग एकदम वाढवला. करावे गावाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला, जुनाट पार्क होतं. पत्र्याची कमान, रंग उडालेले लाकडी घोडे, कपबशीत बसून गोल फिरायचं एक यंत्र आणि मागे करकरणारा आकाशपाळणा.

“थांबवा हो गाडी,” शेजारून जयमालाबाई म्हणाल्या. “जावईबापूंना बसायचंय.”

“नको नको आई, मी आपलं नुसतं विचारलं,” मागच्या सीटवरून इंद्रजित घाईघाईने म्हणाला.

पण धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि त्याचं मन मोडायचं नाही, हे जयमालाबाईंना पाठ होतं. शिवाय जावयाचं ‘नको’ धरायचं नसतं, हा त्यांचा स्वतःचा नियम. ताटात नको म्हटलेला धोंडा त्यांनी दुपारी असाच वाढला होता, त्याच्या पाठोपाठ दुसराही.

यावेळी तर विलासरावांचीच मान अडकलेली होती. दिवाळीत सोसायटीच्या फराळाला त्यांनी चारचौघांत जावयाची ओळख करून दिली होती, “हे आमचे इंद्रजितराव. न्हावा शेवा बंदरात असतात. समुद्राकडे बघत बसायचा पगार घेतात.” सगळे हसले. त्यानंतर इंद्रजितने सासरचा उंबरा ओलांडला नव्हता. दरवेळी मुलगी जाई एकटीच यायची, आणि ती आली की मायलेकी मिळून विलासरावांना फैलावर घ्यायच्या. आज मोठ्या मिनतवारीने जावई आला होता.

“बाबा, आज माफी मागून टाका,” पार्कच्या दारात जाई बापाच्या कानाशी पुटपुटली. “आणि कशालाही नाही म्हणू नका.”

“पण आम्ही दोघांनीच का बसायचं? तुम्ही बसा की त्याच्याबरोबर.”

“मला बघूनच मळमळतं. मी व्हिडिओ काढते, सासूबाईंना पाठवायचाय.”

“आणि मी साडीत,” जयमालाबाईंनी विषय संपवला.

अशा रीतीने, पोटात पुरण आणि मनात माफी घेऊन विलासराव जावयाच्या समोर कपबशीत बसले. यंत्र सुरू झालं. विलासरावांनी घसा साफ केला. “इंद्रजितराव, दिवाळीत मी जे—” एवढ्यात बशी एकीकडे फिरली, कप दुसरीकडे, आणि उरलेलं वाक्य त्यांनी गिळून टाकलं. उतरल्यावर दोघंही खांबाला धरून उभे राहिले.

“कसं वाटलं, जावईबापू?”

“छान,” इंद्रजित डोळे मिटून म्हणाला. सासूने विचारल्यावर दुसरं काय म्हणणार?

“छान म्हणाले! अहो, अजून एकदा बसवा त्यांना.”

“नको, आई.”

“लाजतायत,” जयमालाबाई कौतुकाने म्हणाल्या.

दुसऱ्यांदा कपबशी झाली. मग घोडे झाले. घोडा खालीवर व्हायचा आणि विलासरावांच्या घशाशी आलेलं पुरणही त्याच तालात खालीवर व्हायचं. पुढच्या घोड्यावरच्या जावयाची माफी ते मागून ओरडून मागू बघत होते, पण भोंग्यावर लावलेल्या गाण्यापुढे त्यांचा आवाज पोचेना. मागून कुणाचं तरी लहान पोर म्हणालं, “मम्मी, ते आजोबा रडतायत.” विलासरावांना वाटलं, उतरावं आणि सरळ घरी जाऊन सोफ्यावर आडवं व्हावं. आयुष्यात एक विनोद केला, त्याची ही शिक्षा!

शेवटी आकाशपाळणा. तो चालवणारा पोपट नावाचा माणूस तंबाखू मळत उभा होता. त्याने दोघांना एका पाळण्यात कोंबून आडवी दांडी लावली.

“ही दांडी घट्ट आहे ना?” विलासरावांनी विचारलं.

“टेन्शन नाय घ्यायचं, काका. आजपर्यंत कोन पडला नाय.”

पाळणा वर निघाला. बरोबर माथ्यावर पोचला आणि कचकन थांबला. गाणंही बंद पडलं. वाऱ्यावर पाळणा हलू लागला.

“काय झालं रे?” विलासराव खाली ओरडले.

“लाइट गेली! येल आता!”

“जनरेटर नाही?”

“हाय ना! त्यात डिझेल नाय!”

विलासरावांनी शेजारी पाहिलं. जावई पांढराफटक पडला होता. दांडी सोडून त्याने सासऱ्याचा दंड पकडला होता.

“आवो बाबा, हालू नका. पाया पडतो, हालू नका.” त्याची गावाकडची साताऱ्याची बोली आपोआप बाहेर आली. “मला उंचीचं लई भ्या वाटतं.”

“मग बसलात कशाला? नाही म्हणायचं!”

“म्हणलो की! पहिल्यापासनं नकोच म्हणतोय. आईंच्यापुढं ‘नको’चा उपयोग हाय का काही?”

हे विलासरावांना मनोमन पटलं. माफीसाठी याहून निवांत जागा मिळणार नव्हती. “इंद्रजितराव, दिवाळीत मी चारचौघांत बोललो. ते तुम्हाला लागलं. चुकलं माझं.”

“काय बोललावता?”

“तेच. समुद्राकडे बघायचा पगार.”

“ते होय!” इंद्रजितने एक डोळा उघडला. “आवो, तो जोक मी आफिसात सांगतो. सायबसुद्धा हसले.”

“मग इतके दिवस आला का नाहीत?”

इंद्रजितने खाली वाकून पाहिलं, घाबरून पुन्हा डोळे मिटले आणि हळूच म्हणाला, “जेवणामुळं. दिवाळीत आईंनी मला काय वाढलंय, बाबा! नको म्हणलं की दोन जास्त. घरी जाऊन आठवडाभर नुसत्या ताकावर होतो. परत यायची हिंमतच होईना.”

“आणि जाईला काय सांगितलंत?”

“तिनंच विचारलं, बाबांचं बोलणं लागलं का? मी आपला गप बसलो.”

“तुम्ही गप बसलात, आणि मी घरात तोंड लपवून फिरतोय!” विलासराव एवढे उसळले, की पाळणा गदागदा हलला. “उठता बसता टोमणे खातोय मी!”

“बाबा, हालू नका! आणि आईंना सांगू नका. त्यांनी इतक्या मायेनं केलेलं असतं.”

एवढ्यात वीज आली. पाळणा खाली उतरला. दोघं एकमेकांना धरून बाहेर आले, तेव्हा जयमालाबाईंचे डोळे भरून आले होते.

“मागितलीत ना माफी?”

विलासरावांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. “मागितली,” विलासराव ओठ आवळून म्हणाले.

“मग जावईबापू, आता राग नाही ना?”

“झालं गेलं, आई,” इंद्रजित म्हणाला. जमिनीवर पाय टेकताच त्याची भाषा शुद्ध आणि मन उदार झालं होतं. “वडीलधारी माणसं आहेत. मी मनातून काढून टाकलं.”

“बघा!” जाई म्हणाली. “याला म्हणतात मोठं मन. शिका जरा, बाबा.”

विलासराव दातओठ खात उभे राहिले. जयमालाबाईंनी पदराने डोळे टिपले. “मग यंदा दिवाळीला दोन दिवस राहायलाच यायचं हं.”

इंद्रजितचा चेहरा उतरला. “नको आई, दिवाळीत पोर्टवर फार काम असतं.”

दिवसभरात पहिल्यांदाच विलासरावांना हुशारी वाटली. ते पुढे झाले आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर प्रेमाने हात टाकला.

“दोन दिवस कसले? चांगले आठ दिवस राहा. आणि जयमाला, ते नको म्हणतील. तू मुळीच ऐकू नकोस.”