दहावी सुई

शिवणाच्या बाईंनी सकाळी चहा गाळायच्या आधी सुया मोजल्या. त्या नऊ भरल्या.

त्यांनी पुन्हा मोजल्या. सुया खोचायची त्यांची उशी लाल मखमलीची, मुठीएवढी. तिच्यावर नेहमी दहा सुया असत. काम संपलं की सुया मोजायच्या, मगच जागचं उठायचं, हा नियम बाईंनी शाळेतल्या पोरांच्या दोन पिढ्यांकडून घोटून घेतला होता. काल मात्र बालवर्गाचा शिपाई पिशवी घेऊन दारात ताटकळत उभा होता, आणि बाई न मोजताच उठल्या होत्या.

"अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "एक सुई ताऱ्यात गेली."

यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कुठल्या?"

"चोवीसांतल्या एका."

यंदा बालवर्गात नाताळचं झाड होतं, पण सजावटीला पैसे नव्हते. शिवणाच्या बाईंनी मोठ्या तोऱ्यात ते काम अंगावर घेतलं. यजमानांचे विटके शर्ट, एक जुनी चादर आणि फाटक्या गादीतला कापूस, एवढ्यात चोवीस गुबगुबीत तारे झाले. आज चारला कार्यक्रम होता, आणि तो संपला की प्रत्येक मुलाने आपला तारा घरी न्यायचा होता. चार वर्षांचं मूल ताऱ्याचं काय करतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आधी त्याला छातीशी धरतं, मग चावून बघतं.

चहा तसाच राहिला.

यजमानांनी जुन्या रेडिओतलं लोहचुंबक खिशात टाकलं आणि दोघं बालवर्गात पोचले. मुलं शेजारच्या खोलीत गाण्याची तालीम करत होती. यजमानांनी पहिल्या ताऱ्याला चुंबक लावलं. ते चिकटलं. बाईंनी देवाचे आभार मानले. मग ते दुसऱ्याला चिकटलं. तिसऱ्यालाही.

"अगं, तू एक सुई म्हणालीस की चोवीस?" यजमान कुजबुजले.

तेव्हा बाईंना आठवलं, तारे टांगायला प्रत्येकाच्या टोकात त्यांनी तारेची कडी शिवून टाकली होती.

मग हाताने चाचपणं आलं. सापाच्या बिळात बोट घालावं तशा बाई एकेक तारा दाबू लागल्या. शिपायाने काय चाललंय म्हणून विचारलं, तर यजमानांनी कापूस सारखा बसलाय का ते बघतोय असं ठोकून दिलं. शिपाई भला माणूस. तोही दोन्ही हातांनी तारे कचाकचा दाबू लागला. त्याच्या प्रत्येक दाबासरशी बाईंचा जीव वरखाली होत होता. सहाव्या ताऱ्याला त्यांना राहवलं नाही. त्यांनी त्याचा हात धरला, आणि सरळ मोठ्या बाईंकडे जाऊन खरं ते सांगून टाकलं.

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. "उसवा," त्या म्हणाल्या. "सगळे."

अकरा वाजता चोवीस ताऱ्यांची सालं टेबलावर होती आणि खोलीभर कापूस. सुई नव्हती. आता ती जमिनीवर पडली असेल तर, या भीतीने शिपायाने तीनदा केर काढला. चुंबक फरशीवरून फिरवून यजमानांची कंबर धरली. तरी सुई नाही. रिकामे तारे आणि कापूस पिशवीत कोंबून दोघं घरी परतले.

"आता एवढी उशीच उसवायची राहिली," यजमान गमतीने म्हणाले, आणि बायकोचा चेहरा पाहून दोन पावलं मागे सरकले.

बाईंनी उशीची शिवण कापली. आत लाकडाचा भुसा होता. भुशात दहावी सुई होती, नेढ्यासकट आत बुडालेली. तिच्याखाली आणखी तीन होत्या, आणि त्यांतली एक सोनेरी नेढ्याची होती.

ती सुई जाऊबाईंची. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ती भरतकामासाठी दिली होती, आणि बाईंनी ती परत केल्याचं छातीठोकपणे सांगितलं होतं. "तुम्हाला वस्तू सांभाळता येत नाहीत," असंही वर ऐकवलं होतं. तेव्हापासून दोघी प्रत्येक लग्नात वेगवेगळ्या रांगेत बसत.

चोवीस तारे चारच्या आत एकटीने होणार नव्हते, आणि सुई हाती लागल्यावर गप्पही बसवत नव्हतं. बाईंनी फोन लावला.

"कोण गेलं?" जाऊबाईंनी पलीकडून विचारलं. इतक्या वर्षांनी फोन म्हणजे दुसरं काय असणार.

"कुणी नाही. तुमची सुई सापडली, जाऊबाई. माझ्याच उशीत होती."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आजच कशी उशी उसवलीस?"

बाईंनी सगळं सांगितलं. तारे, चुंबक, शिपाई, चारचा कार्यक्रम. काहीच गाळलं नाही.

"भात कुकरमध्ये आहे. झाला की येते," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या सुया मीच आणीन. पाच आहेत. आल्यावर मोजून घे, आणि जाताना मी मोजीन."