डीनाची शेवटची वाचननोंद

तळघरातल्या कपडे वाळवायच्या यंत्रानं भोंगा वाजवला आणि कोव्हालिकांच्या घरातली रविवारची शांतता मोडली. डीना याच भोंग्याची वाट पाहत होती. यंत्र घरघरत असताना मुलाच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण करू नये, असा अभ्यासक्रमाचा नियम होता.

मूल वाचू लागणं ही इतकी गंभीर घटना आहे, की ती मुलावर सोपवून चालत नाही. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावानं हे फार पूर्वीच ओळखलं होतं. म्हणून तिथे चांगलं वाचायला शिकवणारी शिक्षिका सापडली, की तिला वर्गातून उचलून पुन्हा विद्यापीठात धाडतात. पदव्युत्तर शिक्षण पुरं करून ती बाहेर पडते ती वाचनतज्ज्ञ होऊन. मग तिला शाळेत बिनखिडकीची खोली आणि राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं टेबल मिळतं. (टेबल असंच का, यावर स्वतंत्र व्याख्यान आहे.)

अभ्यासक्रम सर्वांगीण होता. मुलानं आधी अक्षरांचे आवाज शिकावेत की आधी अर्थ धरावा, यावरून विद्वानांत दोन तट आहेत. दोन्ही तट एकमेकांचं लेखन वाचत नाहीत, त्यामुळे सलोखा टिकून आहे. विभागाच्या एका पाहणीत असंही आढळलं, की पदवी घेताना बहुतेक शिक्षकांनी गोष्टीचं एकही पुस्तक संपवलेलं नव्हतं. (उरलेल्यांनी प्रश्नावली नीट वाचली नव्हती.)

डीना अशीच वर्गातून उचललेली शिक्षिका, आणि तिचं घर या प्रगतीत मागे नव्हतं. पूर्वी ती सहा वर्षांच्या ओपलला रोज निजताना गोष्ट वाचून दाखवायची. आता "आई वाचनावर वाचतेय, दार लावून घे," असं सांगून ते काम नवऱ्याकडे, ग्रेगकडे, दिलं होतं. ग्रेग दुसऱ्या पानावर घोरायला लागे. हळूहळू ओपलनं गोष्ट मागणंच सोडून दिलं. डीनानं याची नोंद ‘स्वावलंबन’ या सदरात केली.

आता फक्त एक वाचननोंद उरली होती. ती सोमवारी सकाळी पोचली नसती तर पदवी पुढच्या वर्षावर गेली असती, आणि ती बिनखिडकीची खोली व्यायामाच्या सरांनी चेंडू ठेवायला पटकावली असती. त्यांनी दाराचं मापही घेऊन ठेवलं होतं. ज्या विद्यार्थ्याची नोंद घ्यायची, तो नेमका आजोबांबरोबर हरणांच्या शिकारीला डोंगरात गेलेला. (याला रजा लागत नाही. शिकारीचा हंगाम उघडला की शाळाच बंद असते.) तेव्हा घरचीच मुलगी कामी आली.

"कुठलंही पुस्तक चालेल?" ओपलनं विचारलं.

"कुठलंही, राणी. फक्त जरा नवं असू दे."

"हे चालेल. हे अजून कुणीच वाचलं नाहीये."

"उत्तम. कर सुरू."

वाचननोंद ही मोठी सुबक पद्धत आहे. मूल वाचत जातं, आपण कोऱ्या कागदावर प्रत्येक बरोबर शब्दाला एक खूण करत जायचं. पुस्तक समोर नसलं तरी भागतं. हसायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, मदत तर नाहीच. विद्यापीठातल्या डॉ. हासबाई वर्गात बजावून सांगत, "मुलाच्या तोंडाकडे कान असू दे, गोष्टीकडे नको. गोष्टीनं लक्ष विचलित होतं."

ओपल वाचू लागली. खूण, खूण, खूण. ‘खार’ या शब्दाला अडखळली, पण स्वतःच सुधारलं. तो एक जादा गुण. ‘पुन्हा’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला, दर वेळी बरोबर.

"डीना, पिएरोगीच्या करंज्या उकळायला टाकू का गं?" स्वयंपाकघरातून ग्रेग ओरडला.

"श्श! नोंद चाललीय!"

"बरं बाई. पाण्याला सांगतो, हळू उकळ."

खूण, खूण. ‘दार’ या शब्दापाशी ओपल थांबली आणि तिनं आईकडे पाहिलं. डीनानं चेहरा नियमाप्रमाणे कोरा ठेवला आणि लिहिलं: मदतीची अपेक्षा करते. पुढच्या ओळीला आवाज किंचित कापला. स्वरातील चढउतार: उत्कृष्ट. शेवटच्या पानावर नाक ओढलं. सर्दी, प्रश्नचिन्ह.

"संपलं," ओपल म्हणाली.

डीनानं खुणा मोजल्या. अचूकता, वेग, भाव, सगळ्यांत मुलगी पहिल्या प्रतीची! चेंडूंना आता दुसरी जागा शोधावी लागणार होती. शेवटचा रकाना तेवढा राहिला: पुस्तकाचं नाव आणि पातळी.

"बघू गं पुस्तक. वर अक्षर असेल बघ एखादं, पातळीचं."

"नाहीये. मीच केलंय ते."

पाठकोरे कागद मधोमध दुमडून तारेनं टाचले होते. (पाठीमागे डीनाचंच एक टिपण होतं: ‘घरी वाचून दाखवण्याचे महत्त्व’.) डीनानं हात पुढे केला, पण ओपलनं पुस्तक छातीशी धरलं.

"तू लिहिलंस हे? अगं, किती सुंदर वाचलंस!"

"वाचण्याचं नाही. गोष्टीचं सांग."

डीनानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. खुणांच्या ओळीच ओळी होत्या, एकही वाकडी नव्हती. (वाचकांनी तिला गोष्ट हळूच सुचवायला हरकत नाही. ओपल वाचत होती तेव्हा आपणही तिथेच होता, आणि खुणा मोजण्यात आपलंही काही चुकलं नव्हतं.)

ओपल एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या.

"आई, मग त्या खारीच्या आईनं दार का नाही उघडलं?"