यीस्टचा उपवास

ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहरातल्या एका जीवशास्त्र संस्थेत यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवलं जातं, ही बाब नीतिसमितीच्या निदर्शनास आली. समिती मूळची उंदरांसाठी नेमलेली. पैशाअभावी उंदीर बंद झाले. समिती बंद करण्याची तरतूद मात्र कुठल्याच नियमात नव्हती. तेव्हा ती कळवळा करण्याजोगा जीव शोधत होती.

एवान्थिया नावाच्या संशोधिकेला बोलावणं आलं. पेशीच्या आवरणात साखर आत घेणारं एक नवं दार आपल्याला सापडलंय, असा तिचा दावा होता. ईस्टरपर्यंत तो सिद्ध झाला तर नोकरी कायम, नाहीतर वडिलांच्या ऑलिव्हच्या बागेत. पद्धत तिने नम्रपणे समजावून दिली. आधी पेशी उपाशी ठेवायच्या. मग त्यांना किंचित किरणोत्सारी साखर दाखवायची, काही क्षणांत बर्फगार पाणी ओतून दार थिजवायचं, पेशी गाळून धुवायच्या आणि आत किती साखर शिरली ते किरणांवरून यंत्राने मोजायचं.

"उपाशी ठेवता, तेही त्यांना न विचारता?" अध्यक्ष पॉलीकार्पोस म्हणाले.

"साहेब, त्यांना तोंडच नाही."

"म्हणूनच तर समिती आहे."

ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता. सचिव फोतिनीबाईंनी त्यातूनच वाट काढली. उपासमार हे क्रौर्य, पण उपवास ही परंपरा. ठराव झाला: पेशी उपाशी नाहीत, उपवासाला आहेत. त्यावर उपसमितीने शंका काढली, की ज्याला लाल रक्त नाही ते उपवासाला चालतं, या न्यायाने अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस चालतो तसं यीस्टही चालतं. पण जे उपवासाला चालतं, त्याला स्वतःला उपवास धरता येतो का? धर्मशास्त्राचे एक जाणकार बोलावले. त्यांनी अष्टपादाचं रीतसर जेवण करून अनुकूल मत दिलं.

उपवास म्हटला की उपवासाचा आहार आला. मांस, दूध, अंडी वर्ज्य. तिळाचा हलवा चालतो, म्हणजे साखर चालते. पेशींच्या चंबूत साखरेचं पाणी ओतण्याचा आदेश निघाला.

"फोतिनीताई, साखर दिली तर त्या उपाशी कशा राहतील?" एवान्थिया काकुळतीला आली.

"पोरी, मी दरवर्षी अख्खा उपवास धरते. उपाशी राहिले असं तुला कोणी सांगितलं?"

मोजणी झाली. साखरेने तुडुंब भरलेल्या पेशींनी नव्या साखरेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. यंत्राने जवळजवळ शून्य दाखवलं. एवान्थियाने टेबल आवरायला घेतलं, तोच समिती पेढ्यांऐवजी हलवा घेऊन दारात हजर. उपवासाने साखरेची वासना जिंकता येते, याचा पेशीच्या पातळीवरचा पुरावा मिळाला होता. बिशपांनी आशीर्वाद दिला, हलवाईसंघाने मानपत्र. पॉलीकार्पोस तिला म्हणाले, की नोकरी कायम, संयम विभागाचं प्रमुखपदही. अट एकच, पेशींना पुन्हा कधी उपाशी ठेवायचं नाही.

तिने टेबल आवरणं थांबवलं. मग हलव्याचा तुकडा उचलला.

ते दार अजून आहे म्हणतात. फक्त खऱ्या भुकेल्यालाच ते उघडतं, आणि तसं आता संस्थेत कोणी उरलेलं नाही.

हे वाचून तुम्हाला हसू येतंय ना? जरूर हसा. फक्त आधी हातातली साबुदाण्याच्या खिचडीची ताटली खाली ठेवा. दुसऱ्यांदा वाढून घेतलेली आहे, ठसका लागेल.