आव्हाड गुरुजींची मेथी

आमच्या खालच्या मजल्यावरचे आव्हाड गुरुजी समोर न निवडलेली मेथी असल्याशिवाय कुणाचंही भांडण ऐकत नाहीत.

भांडणाऱ्या दोघांना ते सतरंजीवर शेजारी शेजारी बसवतात आणि पुढ्यात जुड्या सोडतात. नियम दोनच. निवडणारे हात चालू ठेवायचे. आणि स्वतःचं गाऱ्हाणं मांडण्याआधी दुसऱ्याचं गाऱ्हाणं, त्याला पटेल असं, आपल्या तोंडाने सांगायचं. "हात थांबला की मी उठलो," हे गुरुजींचं पालुपद. सोसायटीतलं पार्किंगचं भांडण मिटलं तेव्हा आठवडाभर प्रत्येक मजल्यावर मेथीचे पराठे होते. ईरा, निषाद, तुमच्या या आजीने जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. समेट कसा घडवावा यावरची जाडजूड पुस्तकंही वाचली. त्यांत मेथी कुठेच नाही, म्हणून मी हसायचे.

गेल्या हिवाळ्यात ते हसणं थांबलं.

चांदवड तालुक्यातल्या एका गावात गुरुजींनी नोकरीची बरीच वर्षं काढली. दोन वर्षांपूर्वी तिथे मिरवणुकीत दगडफेक झाली आणि रफीकभाईंचं शिलाईचं दुकान जाळलं गेलं. ते बायकामुलांना घेऊन मालेगावला भावाकडे गेले. आता ते गावात परत येणार का, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी गुरुजींनी बैठक बोलावली. एका बाजूला रफीकभाई, दुसऱ्या बाजूला त्यांचा जुना शेजारी सोपान, कांद्याचा शेतकरी. दोघंही गुरुजींच्याच हाताखाली शिकलेले. ठरेल ते नीट अक्षरात लिहून घ्यायला मला नेलं होतं.

रफीकभाई बराच वेळ बोलले. मग त्यांचं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने सांगायची सोपानची पाळी आली.

"याची मशिनं जळाली," सोपान म्हणाला.

"हे मी म्हटलंच नाय," रफीकभाई म्हणाले.

"याचं लय नुकसान झालं."

"तेबी नाय."

सोपान चिडला, गुरुजींनी शांतपणे त्याच्यापुढे आणखी एक जुडी सरकवली. मग देठ खुडता खुडता, मान वर न करता, सोपान म्हणाला, "दुसऱ्या दिवशी आमच्यातलं कोणी याच्या दारात गेलं नाय. मीबी नाय."

रफीकभाईंनी हळूच मान डोलावली. मी लिहायचं विसरून बघत राहिले. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात रफीकभाई वळले. "आणि गुरुजी, तुम्ही कुठं होता?"

गुरुजींची बोटं मेथीतच थांबली.

"नाशिकला, घरीच," ते म्हणाले. "पेपरात वाचलं होतं मी."

बैठक तिथेच संपली. कागद कोराच राहिला. रफीकभाई नुसतं "बघू" म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हापासून गुरुजी दर मंगळवारी मालेगावची एसटी पकडतात. रफीकभाईंकडे जातात, ओट्यावर बसून चहा घेतात, दुपारी परत फिरतात. परवा जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, रफीकभाई गावात कधी येणार, काही बोलले का?

"ते विचारलंच नाही बाई," चपला पायांत सरकवत गुरुजी म्हणाले. "माझंच त्याच्या दारात जायचं राहिलं होतं. तेवढं करतोय."