काकवीइतकं दाट

गेल्या उन्हाळ्यात दामूअण्णा कोणाच्याही घरी गेले की थेट स्वयंपाकघरात जात. चप्पल दारात, नमस्कार चालता चालता आणि प्रश्न एकच, "काकवी आहे?" आहे म्हटलं की बाटली फळीवरून उतरवायला लावत. चमचाभर काकवी घेऊन चमचा वाटीवर तिरका धरत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. धार तुटून थेंब सुरू झाले की निकाल. "सहा. पळते." किंवा "चौदा. रखडली." चाखून मात्र कधी बघितली नाही. वाटीतली काकवी परत बाटलीत ओतायची, वाटी विसळून पालथी घालायची आणि पुढचं घर गाठायचं.

अण्णा बोर्ली पंचतनच्या स्टँडवरून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. काकवीलाही त्यांनी एसटीचीच भाषा लावली. पातळ ती 'विनाथांबा'. घट्ट ती 'वस्तीची गाडी'. तळाशी साखर धरलेली ती 'डेपोत जमा'. हवी तशी सापडली तर "वेळेवर" एवढंच म्हणत.

आमच्याकडे ऊस नावापुरता. काकवी येते ती घाटावरून, हिवाळ्यात गुऱ्हाळं लागली की. कोणाचा पाहुणा घेऊन येतो, कोणाच्या ओळखीचा टेम्पो येतो. घावनाबरोबर, भाकरीबरोबर ती वर्षभर पुरवून खायची. त्यामुळे एका आळीतल्या दहा घरांत दहा जातींची काकवी असते. कोणाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं अलिबागच्या एका डॉक्टरांच्या खोलीत. दिवाळीनंतर सुनंदाकाकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय हळूहळू सावरले. गिळणं सावरलं नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पाणी, चहा, ताक, पातळ काही द्यायचं नाही. ते घशातून श्वासनलिकेत उतरतं, छातीत जंतुसंसर्ग होतो, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. द्याल ते दाट द्या.

"किती दाट?" अण्णांनी विचारलं.

"काकवीइतकं." इथल्या माणसाला कळावं म्हणून डॉक्टरांनी ती उपमा दिली असावी.

"कुणाच्या काकवीइतकं?"

डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत. मी शेजारी म्हणून बरोबर गेलो होतो, म्हणून हे मला माहीत आहे. मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो. अण्णा मला 'वार्ताहर' म्हणतात.

त्यानंतर आठ दिवस अण्णांनी आमची आळी, बाजार आणि हरिहरेश्वरपर्यंतची ओळखीची घरं पालथी घातली. बाजारातल्या बशीरभाईंच्या दुकानात त्यांनी तीन बाटल्या उघडायला लावल्या.

"अण्णा, काकवी घ्यायची हाय का पास करायची हाय?" बशीरभाईंनी विचारलं.

"पास झाली तर घेईन."

"आनि नापास झाली तर?"

"तर तुम्हीच खा. तुमचं गिळणं चांगलं आहे."

शेवटी औषधाच्या सात रिकाम्या बाटल्यांत सात घरांची काकवी भरून अण्णा पुन्हा अलिबागला गेले. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी, चिठ्ठीवर घरमालकाचं नाव आणि सेकंद. डॉक्टरांनी एकेक चमचा तिरका करून बघितला आणि एक बाटली पुढे सरकवली. "ही."

ती आमच्या घरची होती. दहा सेकंद.

त्या दिवसापासून आमची बाटली आमची राहिली नाही. तिच्यातलं कोणी खायचं नाही, हलवायचं नाही. आई म्हणाली, "अण्णा, काकवी माझ्या घरात आणि मी घावन कोरडं खाऊ?"

"वहिनी, दुसरी आणून देतो." त्यांनी दोन किलो आणून दिली.

"मग ही तुमच्या घरीच न्या ना."

"नको. प्रमाण तिऱ्हाइताकडे असावं. घरात ठेवली की माणूस सोयीनं मोजतो."

रोज सकाळ-दुपार अण्णा पेजेची वाटी ताटलीखाली झाकून आमच्याकडे यायचे. कधी पेज, कधी नाचणीचं सत्त्व, कधी वरण. एका हातात पेजेचा चमचा, दुसऱ्या हातात काकवीचा. दोन्ही एकदम तिरके. दोन्ही धारा एकदम तुटल्या की "वेळेवर" म्हणायचे आणि वाटी गार व्हायच्या आत घरी पळायचे. आळीत या प्रकाराची टिंगल व्हायची. पाणवठ्यावर कोणीतरी म्हणालं, की अण्णा आता बायकोला पण वेळापत्रकावर चालवतात. आई म्हणाली, "चालवतात तर चालवू दे. चालते तरी हाय ती."

घोटाळा चैत्रात झाला. आमच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे. दुपारी खाली भट्टी होते आणि उष्णतेनं काकवी पातळ होते. आम्हाला सगळ्यांनाच हे माहीत होतं. उन्हाळ्यात काकवी ताटभर पळते, हे इथलं पोरसुद्धा सांगेल. पण अण्णांनी तोवर घड्याळ बघणं सोडलं होतं. धारेला धार जुळली की त्यांचं समाधान व्हायचं. त्या दुपारी दोन्ही धारा एकदम तुटल्या. पेज काकवीइतकीच होती, आणि काकवी पाण्यासारखी झाली होती.

काकूंना तिसऱ्या चमच्याला ठसका लागला. तो थांबेना. ओठ काळेनिळे पडले. बशीरभाईंच्या गाडीतून त्यांना श्रीवर्धनला नेलं. चार दिवस ठेवून घेतलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णा या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर थांबले.

"गाडी बरोबर होती, वार्ताहर. घड्याळच पुढे गेलं होतं."

परत आल्यावर त्यांनी कुठल्याच एका बाटलीवर विश्वास ठेवला नाही. मी सुरुवातीला सांगितलं ते घरोघर हिंडणं हे त्यानंतरचं. आमची बाटली माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यात गेली. दुपारची काकवी, तिन्हीसांजेची काकवी, पत्र्याखालची, कौलाखालची, सगळी ते सेकंदावर तपासत. त्यांच्या घराच्या भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यावर तासातासाचे आकडे. पेज करताना एका हातानं ढवळत आणि दुसऱ्या हातानं घड्याळ धरत. जेवण भरवून झालं की अर्धा तास काकूंच्या छातीला कान लावून बसत. मग उठून पुन्हा बाहेर.

भाद्रपदात डॉक्टरांनी काकूंना आपल्यासमोर बसवून चमचाभर साधं पाणी दिलं. मग आणखी एक. काकूंनी ते गिळलं. "घरी सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "सरळ बसवून, एकेक चमचा."

तीन दिवस गेले. अण्णांनी पाणी दिलं नाही. चौथ्या सकाळी ते पेजेची वाटी घेऊन आमच्याकडे हजर.

"आता कशाला मोजता?" आईनं विचारलं.

"सवय."

"सवय न्हाय, भीती हाय. चला." आईनं वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागली. मागून अण्णा, त्यांच्यामागून मी.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. आईनं भांडंभर पाणी आणि चमचा अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी चमचा भरला, निम्मं पाणी परत ओतलं, पुन्हा भरला. काकूंनी तोंड उघडलं. पाणी गेलं. गळा एकदा वर-खाली झाला. अण्णा घड्याळाकडे बघत राहिले. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. बाहेर कोणाचा तरी कोंबडा ओरडत होता. ठसका आला नाही.

दुसरा चमचा. तिसरा. चौथ्यानंतर काकूंनी मान हलवली आणि बोट भांड्याकडे केलं.

"आता तुमी," त्या म्हणाल्या. काकूंचे शब्द अजून जड पडतात.

"मला नको."

काकू आईकडे वळल्या. एकेक शब्द जोडत त्यांनी सांगितलं, "दिवाळीपासून माझ्यासमोर पानी प्याले न्हाईत. चहा पन न्हाय. बाहेर जाऊन पितात. मला काय कळत न्हाय?"

अण्णा भिंतीवरच्या कागदाकडे बघत होते.

"प्या," काकू म्हणाल्या.

अण्णांनी भांडं उचललं. पहिला घोट घेतला, दुसरा घेतला आणि तिसऱ्याला त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते खोकत राहिले. काकूंनी बरा हात लांब करून त्यांच्या पाठीवर ठेवला.

"सावकाश," त्या म्हणाल्या.