अस्तनीतला मासा

"आधी तो स्वेटर काढ," ताई दारातूनच म्हणाली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या तिने.

"थंडी वाजत होती," बाळ्या म्हणाला. डोक्यावर पंखा गरगरत होता.

बाबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. घर भाड्याचं, आणि संध्याकाळी घरमालक किल्ल्या घ्यायला येणार होता. कपाट, भांडी, पलंग यांवरून बहीणभावात एका शब्दाचाही वाद झाला नाही, कारण त्यातलं काहीच दोघांना नको होतं. अडलं ते दोनच गोष्टींवर. एक, बाबा घरात बारा महिने घालायचे तो तपकिरी स्वेटर. दुसरा चिलखत्या. हा बाबांचा मासा. वीतभर लांब, अंगावर हाडाच्या पट्ट्या, तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडाने काचेला चिकटून तो दिवसच्या दिवस काढायचा. काचेवरचं शेवाळ खायचा, ते संपलं की टाकीतलं लाकूड खरवडायचा. बाबा एकटे राहायचे आणि बोलायचे ते त्याच्याशी. स्वेटर ताईचा, मासा बाळ्याचा, असं फोनवर ठरलं होतं. पण ठरलेलं पाळतील तर ती भावंडं कसली! पंचेचाळिशीच्या बाळ्याने ताई यायच्या आत स्वेटर अंगात चढवला. कपाटातल्या वस्तूवर कुणीही हक्क सांगेल, अंगातल्या वस्तूवर कसा सांगणार?

"काढतोस की नाही?"

"काढतो गं बाई, आधी मासा तर काढू दे!" असं म्हणून त्याने वेळ मारून नेण्यासाठी बाहीसकट हात टाकीत घातला.

आता, हा मासा मूळचा वाहत्या नदीतला. घाबरला की कल्ल्यांमागचे दोन काटे ताठ उभे करतो, आणि खिट्टी लागल्यासारखे ते उभेच राहतात. गिळणाऱ्याच्या घशात अडकावेत, एवढाच त्यांचा उद्देश. नदीत लोकर नसते, त्यामुळे स्वेटरचा विचार कुणी केला नव्हता. बाळ्याने हात बाहेर काढला तर चिलखत्या मनगटाजवळ बाहीला लटकलेला.

"सोड त्याला!"

"मी कुठे धरलंय? त्यानेच धरलंय मला!"

हात घाईघाईने बादलीत गेला. सामान बांधायला आलेले मामा धावले. मामांना प्रत्येक संकटावर एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे ओढणे. त्यांनी ओढलं. काटे आणखी आत रुतले.

"हळू मामा, स्वेटर उसवेल!" ताई ओरडली.

"मासा मरेल, मासा!" बाळ्या ओरडला.

"आणि ह्याच्या हाताला रक्त आलंय त्याचं काय?" मामांनी विचारलं. त्याचं कुणालाच काही नव्हतं.

शेवटी बाबांनी ज्याच्याकडून चिलखत्या घेतला होता, त्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या मासेवाल्याला फोन लावला. "ओढू नका," तो म्हणाला. "काटा तुटला तर मासा वाचायचा नाही. साबण नको, तेल नको. लोकर कापा."

"कापायची नाही!" ताई म्हणाली.

"मग अंधार करा आणि गप्प बसा. वाटलं तर सोडेल आपणहून. मधूनमधून पाण्याच्या वर आणा, हवा गिळेल. त्याला पोटाने श्वास घेता येतो."

"पोटाने!" मामा म्हणाले. "घ्या! आम्हाला नाकाने घेणं मुश्किल झालंय."

पडदे ओढले. बाळ्या जमिनीवर, हात बादलीत. मामांनी कापायला घेऊ नये म्हणून कात्री ताईच्या मांडीवर. थोड्या थोड्या वेळाने कोपर वर, चिलखत्याचा एक घोट, कोपर खाली. एवढ्यात भेटायला शेजारच्या काकू आल्या. बाबा टाकीसमोरच्या खुर्चीत गेले, ते पहिल्यांदा ह्या काकूंनीच पाहिलं होतं. त्यांना काळोखात बादलीत हात घालून बसलेला मुलगा दिसला आणि कात्री मांडीवर घेऊन बसलेली मुलगी दिसली.

"नका रे बाळांनो असं करू," काकूंना रडूच फुटलं. "जीवाचं बरंवाईट केल्याने गेलेला माणूस परत येतो का?"

"मासा अडकलाय काकू!"

काकूंनी वाकून पाहिलं. डोळे पुसले. "हाच होता हो शेवटी त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण होतं?"

बोलल्या आणि निघून गेल्या. खोलीत कुणी कुणाकडे पाहीना. ताईला सहा महिन्यांत यायला जमलं नव्हतं. बाळ्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, त्यालाही नाही. दोघांना लाज वाटली, आणि ती लपवायला काळोख पुरेना.

"ताई," बाळ्या हळूच म्हणाला, "हा हवा घेत नाहीये आता. चाललाय बघ."

ताईने कात्री उचलली आणि बाही कापली. आधी काट्यांभोवती, मग घाईत कोपरापर्यंत, हाताला येईल तशी. चिलखत्या बादलीच्या तळाशी जाऊन पडला, काट्याला तपकिरी लोकरीची चिंधी तशीच. बऱ्याच वेळाने त्याचे कल्ले हलले. मग तो उसळून वर आला, हवा गिळून पुन्हा खाली गेला.

"जगला!" मामांनी टाळीच वाजवली.

बाळ्या बादलीवर वाकला. "मरू कसा देणार होतो ताई? आपण नव्हतो, पण हा होता. शेवटचं बाबांना बघणारं कुणीतरी होतं. मी तेवढ्यावर दिवस काढतोय."

"मीही," ताई म्हणाली. उरलेला स्वेटर त्याच्या अंगात होता, तो तिने मागितला नाही.

तेवढ्यात मासेवाल्याचाच फोन आला. "सुटला का? छान. आता झाकून ठेवा. हे रात्रीचे जीव. दुपारी असे झोपतात की समोर आभाळ कोसळलं तरी पत्ता लागत नाही त्यांना."

फोन बंद झाला. ताईने बादलीकडे पाहिलं.

"बाबा दुपारीच गेले ना रे?"

"हो."

मामा उगाचच एका बांधलेल्या खोक्याची दोरी पुन्हा आवळू लागले. ताईने पदर डोळ्यांना लावला, मग एक फडकं घेऊन बादलीवर नीट पसरलं.

"झोपू दे," ती म्हणाली. "त्याची बिचाऱ्याची काय चूक."