मागचा जोड आणि पुढची आयाळ

एका जंगलात, बाळांनो, नळयोजना आली होती. हसू नका. तुमच्याकडे आली नाही म्हणून काय झालं, जंगलात आली होती.

डोंगरातल्या झऱ्यापासून हौदापर्यंत जाडजूड लोखंडी पाइप. तो कातळाला चिकटून गेलेला, आणि नेमका कातळाच्या बाजूनेच एक जोड उकलला. पाइप आणि कातळ यांच्यामधे फट एवढीशी, की मुंगळ्यालाही अंग चोरावं लागेल. पाणी सगळं फटीतून थेट दरीत. हौद ठणठणीत कोरडा, आणि तोही ऐन चैत्रात!

"तुम्ही वेल्डर ना? मग घरात घोटभर पाणी का नाही?" गेनू अस्वलाची बायको त्याला रोज विचारी. जीभ टाळूला चिकटलेली, तरी विचारी.

गेनू हुशार होता हो. झऱ्याशी पाणी बंद करून तो कामाला लागला. जोडात वितळवून भरायची तार असते, कारागीर तिला फिलर म्हणतात. ती त्याने आकड्यासारखी वाकवून फटीत घातली. तार पोचली तर ज्योत पोचेना, ज्योत पोचली तर तार पोचेना. मागचं दिसावं म्हणून आरसा लावला, तर हात भलतीकडेच जायला लागला. नाकावरची लव जळाली तेवढी.

मग त्याने डोकं लढवलं. पाइपाला पुढून खिडकी कापायची, तिच्यातून तार घालून मागचा जोड आतून भरायचा, आणि खिडकी परत बंद करून टाकायची. पक्कं काम!

त्याने करवत लावली मात्र, पाणी खात्याचे साहेब तरस धावत आले.

"अरे मूर्खा, ही बाजू धडधाकट आहे! ती कापतोस?"

"साहेब, गळतंय मागे. पण तिथे जायची वाट इथूनच आहे."

"मागे कोण बघतंय? उद्या महाराज पाहणीला येताहेत. ते पुढूनच बघणार. फिलर पुढे घाल, नाहीतर जंगलाबाहेर चालता हो."

गेनूला रडूच आलं. पण जंगलाबाहेर माणसं होती. त्याने होती नव्हती ती सगळी तार पुढच्या धडधाकट बाजूवर वितळवली. थरावर थर चढले. चढता चढता त्यांना महाराजांच्या आयाळीचा आकार आला.

सिंह महाराज आले आणि आयाळ पाहून गहिवरले. झऱ्याचं पाणी सोडलं. पाइपामागून धो धो आवाज आला.

"हे काय?" महाराजांनी विचारलं.

"धबधबा, महाराज," तरस म्हणाले. "योजनेत नव्हता. आम्ही जास्तीचा दिला."

महाराजांनी लगेच त्याचंही उद्घाटन केलं. प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. घसे कोरडे होते, म्हणून जयजयकार काही झाला नाही.

गेनूला शाल-श्रीफळ मिळालं. तो मान खाली घालून घरी गेला. बायकोने शाल बाजूला टाकली. नारळ कानाशी धरून हलवला आणि तिचे डोळेच भरून आले.

"अहो, यात पाणी आहे!"

तात्पर्य : जोड गळतो तिथे भरला, तर पाणी सगळ्या जंगलाला मिळतं. त्यात आपल्या वाट्याला येणार कितीसं? म्हणून, बाळांनो, फिलर दिसेल तिथेच घालावा. नारळ अख्खा आपला.